व्हीएम सुरू होईना : कर्वेनगरातील एका घरगुती सर्व्हरचे प्रकरण

पुण्यात कर्वेनगर भागात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरी एक छोटा सर्व्हर चालतो. बराच वेळ वीज गेल्यानंतर त्यावरील एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) सुरू होईनासे झाले आणि त्याचे कारण शोधण्याचे काम माझ्याकडे आले. तक्रार एका वाक्याची होती, पण त्या वाक्याखाली एकमेकांवर रचलेले तीन वेगवेगळे बिघाड निघाले आणि त्यांतील प्रत्येक बिघाड आपापल्या परीने ‘व्हीएम सुरू होत नाही’ असाच दिसत होता. घरी असा सर्व्हर ठेवणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे, म्हणून तपास ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने तो येथे मांडतो.

यंत्राची रचना

सर्व्हर म्हणजे एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला, सेकंड हँड घेतलेला लहान आकाराचा डेस्कटॉप. चार कोअरचा इंटेल प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि दोन डिस्क. त्यांपैकी २५० जीबीच्या सॅटा एसएसडीवर प्रॉक्समॉक्स व्हीई ८ ही व्हीएम आणि कंटेनर चालवणारी प्रणाली बसवलेली होती. व्हिएन्नातील एका कंपनीची ही प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे, ती डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिची आठवी आवृत्ती २०२३ मध्ये डेबियन १२ वर आली. दुसरी डिस्क १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे सॅटाऐवजी पीसीआयवर जोडली जाणारी एसएसडी. तिच्यावर एलव्हीएम या जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा स्वतंत्र व्हॉल्यूम ग्रुप (जागेचा साठा) करून त्यात व्हीएमची जागा काढलेली होती. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेले नव्हते. सगळा कारभार ब्राउझरमधून चाले.

या होस्टवर, म्हणजे मूळ यंत्रावर, दोन कंटेनर आणि एक व्हीएम होते. एका कंटेनरमध्ये जाहिराती गाळणारे पाय-होल आणि दुसऱ्यात घरातल्या कागदपत्रांचे, नेटवर्कवरून उघडता येणारे सांबा शेअर असे. १०१ क्रमांकाच्या व्हीएममध्ये डेबियन आणि त्यावर फायली व फोटो साठवणारे नेक्स्टक्लाउड होते आणि त्यात या गृहस्थांचा, म्हणजे काकांचा, खरा जीव अडकलेला होता, कारण पालखी सोहळ्याची आणि पेठांतल्या जुन्या वाड्यांची त्यांनी फिल्मवर काढलेली छायाचित्रे स्कॅन करून तेथे ठेवलेली होती. छायाचित्रांची दुसरी प्रत यूएसबी हार्ड डिस्कवर जात असे. ती डिस्क होस्टच्या मागच्या एका ठरावीक पोर्टमधून थेट व्हीएमला दिलेली होती.

कंटेनर आणि व्हीएम यांतला फरक या प्रकरणात निर्णायक ठरला. कंटेनर होस्टचाच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरतो. त्याला प्रोसेसरकडून वेगळे काही लागत नाही. व्हीएम मात्र स्वतःचा कर्नल घेऊन येते आणि ती वाजवी वेगाने चालायची तर प्रोसेसरमधली आभासीकरणाची खास सोय उघडी असावी लागते. इंटेलने ही व्हीटी-एक्स नावाची सोय २००५ मध्ये बाजारात आणली आणि तिचा उपयोग करणारा केव्हीएम हा लिनक्सचा भाग २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स २.६.२० बरोबर कर्नलमध्ये दाखल झाला. प्रॉक्समॉक्सची व्हीएम एरवी केव्हीएमवर चालते.

तक्रार आणि सांगितलेला इतिहास

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, हे येथे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्या गुरुवारी दिवसभराच्या बंदनंतर संध्याकाळी वळीव कोसळला, झाड पडून तार तुटली आणि वीज रात्री उशिरा आली. एरवी अशा वेळी घरचा इन्व्हर्टर सर्व्हर सांभाळून नेतो. त्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी दुपारीच बसली आणि सर्व्हर शटडाउन न होता धाडकन बंद पडला.

“लाइट आल्यापासून बाकी सगळं चालू आहे, फक्त फोटो उघडत नाहीत,” असे काकांनी सांगितले. त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने त्याआधीच निदान करून ठेवले होते. “एनव्हीएमई गेली. व्हॉल्यूम ग्रुप सापडत नाही असं येतंय. मी नवी आणायला तपकीर गल्लीत निघालोच होतो,” असे तो मला म्हणाला. नवी डिस्क घालून यूएसबी डिस्कवरच्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करायचे, अशी त्याची योजना होती.

योजना चुकीची नव्हती, अकाली होती. डिस्क मेल्याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे एकच संदेश होता आणि तो संदेश ‘मला डिस्क दिसत नाही’ एवढेच सांगत होता. न दिसणे आणि नसणे यांत अंतर आहे. कपाटाला कुलूप लागले म्हणून आतली भांडी चोरीला गेली असे कोणी धरून चालत नाही. तपास पूर्ण होईपर्यंत काहीही विकत आणायचे नाही आणि प्रॉक्समॉक्समधले डिस्क पुसण्याचे किंवा नव्याने तयार करण्याचे कोणतेही बटण दाबायचे नाही, एवढे आम्ही आधी ठरवून घेतले.

पहिला थर : प्रोसेसरची बंद झालेली सोय

बिघाड शोधताना जे बंद आहे त्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण जे चालू आहे ते जास्त बोलके असते. येथे होस्ट सुरू होता, नेटवर्क सुरू होते आणि दोन्ही कंटेनर सुरू होते. म्हणजे रॅम, सॅटा एसएसडी, होस्टचा कर्नल आणि वायरिंग यांवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. उरलेला प्रश्न असा की, जे व्हीएमला लागते आणि कंटेनरला लागत नाही, असे काय आहे? याची दोन उत्तरे संभवत होती, एक म्हणजे केव्हीएम आणि दुसरे म्हणजे एनव्हीएमई डिस्क, कारण दोन्ही कंटेनर सॅटा एसएसडीवर होते.

प्रॉक्समॉक्सच्या खिडकीत तळाशी कामांची नोंद असते. ती नवीनतम नोंदीपासून वाचण्याची सवय असते. बिघाडाच्या वेळी ती मुळापासून वाचावी. वीज आल्यानंतर होस्ट सुरू होताच व्हीएम आपोआप सुरू करण्याचा पहिला प्रयत्न झाला होता आणि त्याखालचा संदेश नातवाने सांगितलेल्या संदेशापेक्षा वेगळा होता. केव्हीएम आभासीकरण कॉन्फिगर केलेले आहे पण उपलब्ध नाही. ते व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद करा, नाहीतर बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये) चालू करा, असा त्याचा अर्थ होता. त्यानंतरची नोंद कॉन्फिगरेशन बदलल्याची होती. ती उघडल्यावर व्हीएम १०१ मध्ये केव्हीएमची किंमत शून्य केल्याची ओळ स्पष्ट दिसली. तिसऱ्या नोंदीत व्हॉल्यूम ग्रुप न सापडल्याची तक्रार होती.

संदेशात सांगितल्याप्रमाणे वागण्यात नातवाने कुचराई केली नव्हती. संदेशाने दोन पर्याय दिले होते आणि त्याने माउसच्या दोन क्लिकमध्ये होणारा पर्याय निवडला. माझ्या मते दोष संदेशाच्या रचनेचा आहे. हे दोन पर्याय एका तोलाचे नाहीत, तरी ते शेजारी शेजारी मांडले आहेत आणि जो क्वचितच निवडावा तो आधी लिहिला आहे. केव्हीएम बंद केले की व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा क्यूएमू हा प्रोग्रॅम प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित करून चालवतो. प्रयोगासाठी ते ठीक असले, तरी हजारो छायाचित्रांच्या लघुप्रतिमा तयार करणारे नेक्स्टक्लाउड त्यावर रखडत राहील. त्याहून मोठा तोटा असा की, या बदलाने पहिला बिघाड झाकला आणि पुढच्या पायरीवरचा बिघाड समोर आणला. त्यामुळे ‘आता डिस्कही गेली’ असा समज झाला. प्रॉक्समॉक्स आधी व्हीएमची आज्ञा रचतो आणि नंतर तिच्या डिस्क सक्रिय करतो, म्हणून पहिल्या प्रयत्नात तो डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही बिघाड पहिल्या क्षणापासून शेजारी शेजारी होते.

केव्हीएमची अवस्था तपासणे सोपे होते. केव्हीएम चालू असताना डेव्ह निर्देशिकेत त्याच नावाची जी उपकरण-फाइल असते, ती येथे नव्हती आणि कर्नलच्या नोंदीत व्हीएमएक्स (म्हणजे व्हीटी-एक्सच) बायोसने बंद ठेवले असल्याची ओळ होती. हे लिनक्समधून परत चालू करता येत नाही. यंत्र सुरू होताना फर्मवेअर प्रोसेसरच्या एका नियंत्रण-रजिस्टरमध्ये ही सोय चालू किंवा बंद करून ते रजिस्टर कुलूपबंद करते आणि पुढच्या रीसेटपर्यंत कर्नललाही ते बदलता येत नाही. म्हणून प्रश्न बायोसपाशी जाऊन पोचला : काल-परवापर्यंत चालू असलेली ही सेटिंग कोणीही हात न लावता बंद कशी झाली?

घड्याळाची साक्ष

उत्तर त्याच बूटच्या नोंदीत होते. तिच्या पहिल्या काही ओळींवर १ जानेवारी २०१७ ही तारीख होती. पुढे नेटवर्क मिळून क्रॉनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरून वेळ आणली आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना तारीख अनेक वर्षे ओलांडून आजची झाली. ब्राउझरमधून पाहणाऱ्याला घड्याळ बरोबरच दिसत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. यंत्राच्या पोटातले घड्याळ मात्र वीज जाताच सगळे विसरले होते.

मग मी काकांना विचारले की, वीज आल्यावर सर्व्हर एरवीसारखा आपोआप सुरू झाला होता का? तो झाला नव्हता. बटण दाबावे लागले होते. वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय हीसुद्धा बायोसचीच सेटिंग आहे. तेव्हा नातवाला आठवले. “बटण दाबल्यावरही काही होईना, म्हणून मी टीव्ही जोडून बघितलं. वेळ लावलेली नाही असं काहीतरी होतं आणि एफ-वन दाबा म्हणत होतं. मी कीबोर्ड लावून दाबला.” हे आधी का सांगितले नाही, असे विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याने बिघाड दुरुस्त झाल्यासारखे वाटते, ते कृत्य माणूस बिघाडाच्या इतिहासात धरत नाही. म्हणून ‘काय काय बिघडले’ यापेक्षा ‘या काळात यंत्राला कोणी कोठे हात लावला’ हे विचारून घ्यावे. पुढे त्या कीबोर्डचाही संबंध निघणार होता.

मदरबोर्डवरच्या बटण सेलचे काम थोडक्यात असे. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि त्यालगतची सीमॉस नावाची चिमुकली स्मृती आली. सेकंदाला ३२,७६८ कंपने देणाऱ्या स्फटिकावर ते घड्याळ चालते. हा आकडा दोनाचा पंधरावा घात असल्यामुळे त्याला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मिळतो. यंत्राची पिन सॉकेटमध्ये असेपर्यंत पॉवर सप्लायचा ५ व्होल्टचा स्टँडबाय प्रवाह या घड्याळाला पोसत असतो, मग संगणक चालू असो की बंद. सेलची पाळी वीज पूर्ण तुटल्यावरच येते.

त्यामुळे एक फसवी स्थिती निर्माण होते. सेल मरून गेलेला असतो, पण इन्व्हर्टर वीज तुटू देत नाही आणि सेल मेल्याचे कोणाला कळत नाही. येथे तेच झाले होते. गुरुवारच्या घटनेने काही बिघडवले नाही. आधीच बिघडलेले उघडे पाडले. आजच्या अनेक मदरबोर्डांवर सेटिंग फ्लॅश चिपमध्ये ठेवलेल्या असतात आणि तरीही सेल गेला की फर्मवेअर आपल्या मूळ सेटिंगवर परत जाते, असे बऱ्याच यंत्रांत आढळते. कार्यालयीन यंत्रांच्या मूळ सेटिंगमध्ये व्हीटी-एक्स बंद असणेही नवलाचे नाही. हिशेबाच्या टेबलावर ठेवायच्या यंत्राला ते लागत नाही.

दुसरा थर : लपलेली डिस्क

सेटिंग मूळ पदावर गेल्या असतील, तर एनव्हीएमई न दिसण्याचे कारणही तेथेच असण्याची शक्यता होती. ते तपासण्यासाठी यंत्र बंद करण्याची गरज नव्हती. डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने फक्त सॅटा एसएसडी दाखवली. पीसीआय उपकरणांच्या यादीतही एनव्हीएमईचा नियंत्रक नव्हता. एवढ्यावर थांबले असते तर नातवाचे निदान पक्के वाटले असते. पण त्याच यादीत सॅटा नियंत्रकापुढे ‘एएचसीआय’ (डिस्क सुट्या चालवण्याची नेहमीची पद्धत) ऐवजी ‘रेड’ (अनेक डिस्क एका संचात बांधण्याची पद्धत) असा प्रकार लिहिलेला होता. कर्नलच्या नोंदीत ‘रीमॅप’ हा शब्द शोधल्यावर दोन ओळी मिळाल्या : एक रीमॅप झालेले एनव्हीएमई उपकरण आढळले आहे आणि ते वापरायचे असल्यास बायोस रेडवरून एएचसीआयवर आणा.

इंटेलच्या काही चिपसेटवर सॅटाची पद्धत रेड ठेवली की फर्मवेअर एनव्हीएमई डिस्कला पीसीआयच्या रांगेतून काढून सॅटा नियंत्रकाच्या पदराआड ठेवते. विंडोजमध्ये इंटेलचा स्वतंत्र ड्रायव्हर तिला तेथून बाहेर काढतो. लिनक्सचा एएचसीआय ड्रायव्हर सॅटा डिस्क या पद्धतीतही बिनतक्रार चालवतो, म्हणूनच होस्ट सुरू झाला होता. पण आड ठेवलेल्या एनव्हीएमईची तो फक्त दखल घेतो. मेलेली डिस्क बहुधा असा मागमूस ठेवत नाही. त्या दोन ओळींनी नव्या डिस्कचा खर्च वाचवला. आणि नवी डिस्क घालूनही ती तशीच अदृश्य राहिली असती, हे लक्षात आल्यावर नातूही गप्प झाला.

दुरुस्ती

होस्ट व्यवस्थित शटडाउन करून मॉनिटर जोडला आणि काही बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेतला. व्हीटी-एक्स बंद, सॅटा रेडवर, वीज परतल्यावर बंदच राहण्याची सेटिंग, असे तिन्ही अंदाज खरे निघाले. रेडवरून एएचसीआयवर जाण्यापूर्वी एक खात्री करावीच लागते : या यंत्रात खरोखरीचा रेड संच कोणी बांधलेला तर नाही ना? तसा असेल तर पद्धत बदलणे धोक्याचे आहे. विंडोज बसवलेले यंत्र असेल तर हा बदल केल्यावर निळा पडदाही येऊ शकतो. येथे रेडच्या पानावर एकही संच नव्हता आणि लिनक्स होस्टला दोन्ही पद्धती चालत होत्या.

पिन काढून झाकण उघडले. सेल सीआर२०३२ होता, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. नवा सेल मीटरवर तीनच्या थोडे वर दाखवतो. हा दोनपर्यंतही पोचत नव्हता. शंभर रुपयांच्या आतला नवा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला. तो बसवताना अधिकचे चिन्ह वर येईल एवढे पाहावे लागते आणि जुना सेल नखाने उचकटण्याऐवजी बाजूची पट्टी दाबून काढावा लागतो, कारण ती पट्टी मोडली तर खाचा बदलणे घरी होणारे काम नाही.

मग वेळ लावली, व्हीटी-एक्स चालू केले, सॅटा एएचसीआयवर आणली आणि वीज येताच सुरू होण्याची सेटिंग दिली. कीबोर्ड नसेल तर थांबू नये, हेही सांगून ठेवले. होस्ट वर आल्यावर एनव्हीएमई, तिच्यावरचा व्हॉल्यूम ग्रुप आणि व्हीएमची डिस्क सगळे जागेवर होते. डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या आरोग्याच्या नोंदीत, म्हणजे स्मार्ट अहवालात, तिची प्रकृती ठणठणीत होती. अचानक वीज गेल्याच्या घटनांचा आकडा तेवढा लक्षणीय निघाला आणि त्याचा विचार शेवटी केलाच.

व्हीएम सुरू करण्याआधी केव्हीएमची सेटिंग पूर्ववत केली. ही पायरी विसरली असती तर व्हीएम चालू झाली असती आणि मग ‘दुरुस्तीनंतर नेक्स्टक्लाउड फार मंद झाले’ अशी नवी तक्रार काही दिवसांनी आली असती. तिचा उगम शोधणे या प्रकरणापेक्षा अवघड गेले असते, कारण तेव्हा लाल अक्षरातला कोणताही संदेश समोर नसता.

तिसरा थर : व्हीएमच्या आतली प्रतीक्षा

प्रॉक्समॉक्सने व्हीएमपुढे हिरवी खूण दाखवली, तरी छायाचित्रे उघडेनात. होस्टच्या दृष्टीने व्हीएम ‘चालू’ असणे म्हणजे क्यूएमूची प्रक्रिया जिवंत असणे, एवढेच. आतली प्रणाली कोठवर आली हे कन्सोलच सांगतो. व्हीएमचा पडदा दाखवणारा हा कन्सोल उघडल्यावर ग्रब हा बूट लोडर निघून गेलेला होता, मुख्य फाइल सिस्टिमचे जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) वाचून झाले होते, म्हणजे छायाचित्रांच्या डिस्कची फाइल सिस्टिम अचानक बंद पडण्याने मोडली नव्हती. त्याखाली एका डिस्कची वाट पाहणारी ओळ होती आणि तिच्यापुढे दीड मिनिटाची मर्यादा सरकत होती. मर्यादा संपताच प्रणाली आणीबाणीच्या अवस्थेत गेली आणि रूटचा पासवर्ड मागू लागली.

पासवर्ड देऊन आत शिरल्यावर वाट पाहिली जात असलेला यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा क्रमांक) एफएसटॅब या, कोणती डिस्क कोठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमधल्या यूएसबी डिस्कच्या ओळीशी जुळला. डिस्क तर टेबलावर दिवा लुकलुकत बसलेली होती. मग व्हीएमला ती का दिसत नव्हती? यंत्राच्या मागे पाहिल्यावर उलगडा झाला. नातवाने एफ-वन दाबण्यासाठी कीबोर्ड लावायला सर्वांत सोयीचे पोर्ट घेतले होते आणि त्यातली हार्ड डिस्क काढून शेजारच्या पोर्टमध्ये सरकवली होती. व्हीएमला डिस्क नव्हे तर पोर्ट दिलेले होते. होस्टला डिस्क दिसत होती, व्हीएमला दिसत नव्हती.

डिस्क पूर्वीच्या पोर्टमध्ये लावताच ती व्हीएमला मिळाली आणि बूट पूर्ण झाले. पण एवढ्यावर सोडणे योग्य नव्हते. प्रत ठेवण्याची डिस्क नाही म्हणून मूळ संग्रहच बंद राहावा, ही रचना उफराटी आहे. एफएसटॅबमध्ये त्या ओळीला ‘नोफेल’ हा, डिस्क नसली तरी बूट अडू न देणारा पर्याय जोडला आणि वाट पाहण्याची मर्यादा दहा सेकंदांवर आणली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट करावी लागते, जी अनेकदा राहून जाते : डिस्क जोडलेली नसताना प्रत घेणारी स्क्रिप्ट त्या रिकाम्या निर्देशिकेतच, म्हणजे व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर, सगळे लिहीत सुटते आणि जागा भरून टाकते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला डिस्क खरोखर माउंट झाली आहे का, याची तपासणी घातली; नसेल तर ती काही न लिहिता काकांना ईमेल करून थांबते. यूएसबी उपकरण पोर्टऐवजी त्याच्या ओळख क्रमांकाने देण्याचाही विचार झाला आणि तो बदल केला. एकाच प्रकारच्या दोन डिस्क असतील तर ही पद्धत गोंधळ करते, पण येथे डिस्क एकच आहे.

पडताळणी आणि उरलेले काम

दुरुस्ती झाली असे म्हणण्याआधी बिघाडाची परिस्थिती मुद्दाम पुन्हा निर्माण केली. सर्व्हर शटडाउन करून त्याची पिन रात्रभर काढून ठेवली आणि यूएसबी डिस्कही वेगळी केली. सकाळी पिन लावताच यंत्र बटणाला हात न लावता सुरू झाले. बूटच्या पहिल्या ओळीवर त्याच दिवसाची तारीख होती. दोन्ही कंटेनर आणि व्हीएम आपोआप वर आली आणि काकांनी मोबाइलवर दिवे घाटातल्या वारीची छायाचित्रे उघडून पाहिली. यूएसबी डिस्क नसल्याचे ईमेलही त्यांना आले.

बायोसच्या बदललेल्या पानांचे फोटो छापून यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत आणि नवा सेल घातल्याचा महिना त्यावर लिहिला आहे. तेच फोटो नेक्स्टक्लाउडमध्ये ठेवण्याची नातवाची सूचना मान्य केली नाही, कारण ते लागतील तेव्हा नेक्स्टक्लाउड बंद असेल.

अचानक बंद पडण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. घरच्या इन्व्हर्टरला संगणकाशी बोलण्याची सोय नाही, त्यामुळे बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळत नाही. यूएसबीची डेटा केबल असलेला छोटा यूपीएस घेऊन होस्टवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे यूपीएसशी बोलणारे सॉफ्टवेअर बसवले, तर बॅटरी ठरावीक पातळीखाली जाताच आधी व्हीएम, मग कंटेनर आणि शेवटी होस्ट असा शटडाउन आपोआप होईल. त्यासाठी व्हीएममध्ये क्यूएमूचा गेस्ट एजंट, म्हणजे होस्टचे निरोप आत पाळणारा छोटा प्रोग्रॅम, असणे सोयीचे असते. तो बसवून ठेवला आहे. यूपीएस येईपर्यंत, वीज बंद राहणार असल्याचा संदेश मोबाइलवर आला की आदल्या रात्री ब्राउझरमधून होस्ट शटडाउन करण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आहे.